तालमीतला शिष्टाचार आणि आजची जिम



वार्षिक परीक्षा संपली की आपल्या शाळेतली नववीपासून बारावीपर्यंतची बरीच मुले-मुली जिममध्ये नाव घालतात. घरून फी मिळते, नवे बूट येतात, पहिला आठवडा मोठ्या उत्साहात जातो. मग कुणी पंधरा दिवसांत, कुणी महिन्याभरात जाणे बंद करते. विचारले तर “अभ्यास आहे”, “वेळ जमत नाही” अशी उत्तरे मिळतात. थोडे खोलात विचारले की दुसरेच काही बाहेर येते. “तिथे बेंच कधी मोकळाच नसतो.” “मोठी मुले हसतात.” “एक जण सारखा बघत असतो.” म्हणजे व्यायाम सुटला तो व्यायामाच्या कष्टांमुळे नाही. आजूबाजूच्या माणसांच्या वागण्यामुळे तो सुटला.

म्हणून या अंकातील पाठ व्यायामाच्या प्रकारांवर नसून व्यायामाच्या जागेतील वागणुकीवर आहे. हा विषय किरकोळ वाटेल. पण त्यात थोडे गणित आहे, थोडे विज्ञान आहे आणि आपल्या गावाचा इतिहासही आहे.

१. तालमीचे नियम आणि त्यांची कारणे

बडोद्याला व्यायामाची परंपरा जुनी आहे. प्राध्यापक माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर याच शहरातले. माणिकराव हिंदू, त्यांचे गुरू जुम्मादादा मुसलमान. आणि शिष्याने संस्थेला नाव दिले ते गुरूचे. व्यायामाची सविस्तर माहिती देणारा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी ग्रंथही बडोद्यातच तयार झाला. मल्लविद्येवरचे ‘मल्लपुराण’ हे जुने संस्कृत पुस्तक १९६४ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले. तेव्हा आखाड्यात कसे वागावे हे बाहेरून शिकण्याची गरज आपल्याला नाही.

जुन्या तालमीत भिंतीवर नियमांची पाटी क्वचितच असे. वस्ताद सांगतील तो नियम. पायताण बाहेर काढायचे, मारुतीला नमस्कार करायचा, हौद्यातली माती कपाळाला लावायची, मगच अंगावरचे कपडे उतरवायचे. नखे कापलेली हवीत; हातात अंगठी, गळ्यात साखळी चालणार नाही. कुस्तीआधी सलामी द्यायची. सकाळी फावडे घेऊन हौदा खणायचा, आणि त्यातून मोठ्या पैलवानाचीही सुटका नाही.

यांतल्या बहुतेक नियमांना व्यवहारातले कारण आहे. बाहेरची घाण हौद्यात येऊ नये म्हणून पायताण बाहेर. जोडीदाराचे अंग ओरखडले जाऊ नये म्हणून नखे कापायची. न खणलेली माती दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यावर पडणाऱ्याचा खांदा निखळतो, म्हणून रोजची खणणी. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालण्याची रीत होती. त्याने माती मऊ राही आणि ती अंगाला चांगली, अशी श्रद्धाही होती. सलामीचा अर्थ एवढाच की समोरचा माझा जोडीदार आहे, शत्रू नाही.

जिममध्ये माती गेली, लोखंड आले. वस्ताद गेले, ट्रेनर आले. पण एका जागेत अनेकांनी घाम गाळायचा असला की प्रश्न तेच राहतात: जागा कुणाची, सामान कुणी आवरायचे, स्वच्छता कुणी राखायची आणि नवख्याला कसे वागवायचे.

२. बेंच अडवणे: एक सोपे गणित

संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात जिममध्ये सर्वांत जास्त तक्रार असते ती एका गोष्टीची. कुणीतरी बेंचवर बसून मोबाईल पाहत असतो. विचारले तर म्हणतो, “अजून दोन सेट बाकी आहेत.”

दोन सेटच्या मध्ये विश्रांती घेणे चूक नाही, ती लागतेच. जड वजन उचलताना स्नायू क्रिएटिन फॉस्फेट या पदार्थातून झटपट शक्ती घेतात. हा साठा काही सेकंदांत संपत येतो आणि पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. हलक्या व्यायामाला मिनिटभर विश्रांतीही पुरते. पण ही विश्रांती बेंचवरच बसून घ्यावी असे शरीरशास्त्र कुठेही सांगत नाही.

आता हिशेब करू. समजा एका सेटला १ मिनिट लागते, मधली विश्रांती २ मिनिटे आणि प्रत्येकाला ४ सेट करायचे आहेत. एका माणसाला ४ मिनिटे व्यायाम आणि ३ वेळा विश्रांती, म्हणजे ६ मिनिटे. एकूण १० मिनिटे. तिघे एकामागून एक थांबले तर ३० मिनिटे.

तेच तिघे पाळीपाळीने करू लागले तर? पहिला विश्रांती घेतो त्या २ मिनिटांत दुसरा आणि तिसरा आपापला सेट उरकतात. पहिल्याची विश्रांती संपते तेव्हा बेंच पुन्हा त्याच्यासाठी तयार असतो. तिघांचे मिळून १२ सेट, म्हणजे १२ मिनिटे. वजने बदलायला आणखी तीन-चार मिनिटे धरा. कुणाचीही विश्रांती कमी झाली नाही, आणि तिसऱ्या माणसाची जवळपास १५ मिनिटे वाचली.

उलट पहिल्याने मोबाईलमुळे प्रत्येक विश्रांती २ ऐवजी ५ मिनिटांची केली, तर तो एकटाच १९ मिनिटे बेंच अडवतो. तिघेही तसेच वागले तर ५७ मिनिटे. जिम तीच, बेंच तोच. फरक फक्त वागण्याचा.

मल्लखांबावर एका वेळी एकच जण चढतो. बाकीचे रांगेत उभे राहतात, उडी मारून उतरलेला रांगेच्या शेवटी जातो. सगळा खेळ पाळीवरच चालतो. तीच सवय बेंचला लावायची आहे.

टॉवेल किंवा बाटली ठेवून एकाच वेळी दोन-तीन मशीन राखून ठेवणे हाही याच दोषाचा प्रकार. बसच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकण्याची ही सवय जिममध्ये आणू नये.

३. वजने जागेवर न ठेवणे: तरफेचा धडा

विज्ञानाच्या पुस्तकात आपण तरफ शिकतो. टेकू, भार, बल आणि त्यांच्यातली अंतरे. हा धडा जिममध्ये फार उपयोगी पडतो.

बेंचच्या वर दोन खांबांवर लोखंडी बार टेकवलेला असतो. मोठा बार साधारण २० किलोचा असतो. व्यायाम संपल्यावर काही जण त्यावरच्या प्लेटा तशाच सोडून जातात. नंतर येणारा ताकदीने कमी असेल, तर त्याला दुसऱ्याच्या प्लेटा उतरवाव्या लागतात. आणि नवखा मुलगा काय करतो? एका बाजूच्या सगळ्या प्लेटा काढतो, मग दुसऱ्या बाजूला जायला निघतो. इथेच अपघात होतो.

समजा प्रत्येक खांब बारच्या मध्यापासून ५० सेंटीमीटरवर आहे आणि प्लेटा मध्यापासून ७५ सेंटीमीटरवर. उजवीकडच्या सर्व प्लेटा काढल्या. आता डावा खांब हा टेकू झाला. प्लेटा टेकूच्या बाहेर २५ सेंटीमीटरवर आहेत. बारचे स्वतःचे वजन त्याच्या मध्यातून, म्हणजे टेकूच्या आत ५० सेंटीमीटरवरून काम करते.

बारची बाजू: २० × ५० = १०००
डावीकडे ४० किलो असतील तर: ४० × २५ = १०००

दोन्ही सारखे. म्हणजे ४० किलोवर बार जेमतेम तोललेला आहे, बोटाचा धक्का पुरेल. ६० किलो असतील तर १५०० विरुद्ध १०००; डावी बाजू धाडकन खाली येणार आणि उजवे टोक शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडाशी उसळणार. खांबांतले अंतर आणि बारची लांबी जिमप्रमाणे बदलते, पण नियम तोच. म्हणून प्लेटा दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, एकेक करून काढाव्यात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याने चढवल्या त्यानेच उतरवाव्यात.

जमिनीवर पडलेले डंबेल हा दुसरा धोका. जड वजन हातात घेऊन मागे सरकणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही. डंबेल स्टँडवर ठेवताना ज्या आकड्याची जागा आहे तिथेच ठेवावे. १० किलोच्या जागी १५ ठेवले तर पुढचा माणूस न बघता उचलतो आणि मनगटाला हिसका बसतो. ट्रेडमिल चालू ठेवून उतरणारेही असेच. पट्टा फिरत असल्याचे पुढच्याच्या लक्षात येत नाही, आणि पहिल्याच पावलाला तो तोंडघशी पडतो.

तालमीत करेला आणि मुद्गल भिंतीशी ओळीने उभे असत. अंधाऱ्या पहाटेही हात नेमका आपल्या जोडीवर पडे. “सामानाला मान द्या” असे वस्ताद म्हणत, त्यामागे हा हिशेबही होता.

४. आपटणे आणि ओरडणे

शेवटचा सेट झाला की डंबेल हातातून सोडून द्यायचे, ते जमिनीवर आदळले की चारचौघांनी वळून पाहायचे, अशी एक फॅशन आहे. २० किलोचे डंबेल १ मीटर उंचीवरून सोडले तर जमिनीवर आदळताना त्यात २० × ९.८ × १, म्हणजे सुमारे १९६ ज्यूल ऊर्जा असते. १ किलोची वस्तू २० मीटरवरून, म्हणजे साधारण सहाव्या मजल्यावरून पडावी, तेवढी. फरशी फुटते, डंबेलचा जोड ढिला होतो, आणि कुणाचा पाय मध्ये असेल तर बोटे जातात. आपल्याकडे बऱ्याच जिम इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहेत. खाली दवाखाना, शिकवणी वर्ग किंवा कुणाचे घर असते. त्यांना तो आवाज रोज सहन करावा लागतो.

ऑलिंपिक पद्धतीचे भारोत्तोलन करणारे बार वरून सोडतात हे खरे. त्यासाठी रबरी प्लेटा आणि खास चौथरा असतो. वजन खरोखरच हातातून निसटत असेल तर मात्र वजनाची काळजी न करता अंग वाचवावे. ती अडचण झाली, दिखाऊपणा वेगळा.

जोर लावताना तोंडातून आवाज निघणे स्वाभाविक आहे. मुद्दाम आरोळी ठोकणे, स्पीकरवर स्वतःची गाणी लावणे, बेंचवर पडून मोठ्याने फोनवर बोलणे हे स्वाभाविक नाही.

५. घाम आणि त्वचा

जिमचे बेंच, मशीनच्या मुठी आणि जमिनीवरच्या चटया दिवसभरात कितीतरी अंगांना लागतात. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा रोग त्वचेच्या स्पर्शाने आणि टॉवेल, कपडे, चटई यांमधून पसरतो. कुस्तीगीरांमध्ये तो जगभर आढळतो. गळवे आणि पुळ्या आणणारे स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू कोरड्या पृष्ठभागावरही बरेच दिवस टिकू शकतात.

उपाय साधे आहेत. स्वतःचा टॉवेल आणावा आणि बेंचवर पसरून मगच पाठ टेकावी. उठताना जागा पुसावी. टॉवेल, रेझर, घामाचे टी-शर्ट एकमेकांना देऊ नयेत. घरी गेल्यावर लगेच आंघोळ करावी आणि जिमचे कपडे रोज धुवावेत. अंगावर चट्टा, गळू किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि ती झाकल्याशिवाय जाऊ नये. सर्दी-तापात घरी राहावे.

कोविडच्या साथीत आपल्या देशातल्या जिम मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि ५ ऑगस्ट २०२० पासून टाळेबंदीच्या क्षेत्राबाहेर उघडण्याची परवानगी मिळाली. त्या वेळी प्रत्येक मशीनजवळ जंतुनाशकाची बाटली आणि फडके आले. साथ ओसरली, पण बाटली ठेवण्याचे कारण आधीही होते आणि आजही आहे.

६. नजर आणि मोबाईलचा कॅमेरा

इथे जुन्या तालमीचा दाखला आपल्या उपयोगी पडत नाही, कारण जुन्या तालमीत बहुधा बायकांना प्रवेशच नव्हता. मुली आणि मुले एकाच जागेत व्यायाम करतात ही चांगली गोष्ट नवी आहे, तेव्हा तिचे नियमही आपणच घडवायचे आहेत.

मुली जिम सोडतात त्याची कारणे ऐका. व्यायाम करताना कुणी एकटक पाहते. आरशातून पाहते. मागे मोकळी जागा असूनही अगदी शेजारचीच मशीन घेते. “मी दाखवतो” म्हणत न विचारता हात लावते. यातली प्रत्येक गोष्ट करणाऱ्याला छोटी वाटते. जिच्या बाबतीत ती रोज घडते, तिचा व्यायाम सुटतो. घरी सांगावे तर “मग जाऊच नकोस” असे उत्तर मिळण्याची भीती. म्हणजे चूक एकाची, शिक्षा दुसरीला. पालकांनीही हे वाक्य उच्चारण्यापूर्वी विचार करावा. आधी जिमच्या मालकाला भेटावे, मुलीला घरी बसवू नये.

नियम सोपा आहे. समोरच्याने विचारल्याशिवाय सल्ला नाही, आणि परवानगीशिवाय स्पर्श नाही. हा नियम ट्रेनरलाही लागू आहे.

मोबाईलवर स्वतःचा व्यायाम चित्रित करण्याची आवड आज सर्वांना आहे. आपली पाठ वाकते का, गुडघे आत येतात का, हे पाहायला त्याचा उपयोगही होतो. मात्र चौकटीत दुसरा कुणी येत असेल तर आधी विचारावे किंवा कॅमेऱ्याची दिशा बदलावी. धापा टाकणाऱ्या, घामाघूम झालेल्या, चुकत-माकत शिकणाऱ्या माणसाची चित्रफीत गंमत म्हणून पसरवणे हे क्रूरपण आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत तर मोबाईल बाहेर काढूच नये. खाजगी अवस्थेतील स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमात त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

७. नवख्याला हसणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी वागणूक ही. तिचा आवाज होत नाही, फरशीही फुटत नाही.

एखादा किडकिडीत मुलगा नुसता बार उचलू पाहतो आणि हात थरथरतात. एखादी जाड मुलगी ट्रेडमिलवर दोन मिनिटांत दमते. एखादे आजोबा डॉक्टरांनी सांगितले म्हणून येतात आणि मशीनवर उलटे बसतात. कोपऱ्यातले टोळके एकमेकांना कोपरखळी मारते. झाले, दुसऱ्या दिवशी तो माणूस येत नाही. व्यायामाची ज्याला सर्वांत जास्त गरज होती तोच गेला. राहिले ते आधीच धडधाकट असलेले.

तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला एखाद्या जुन्या पठ्ठ्याच्या हवाली करत. मोठा पैलवान लहानाशी कुस्ती धरे, तेव्हा आपली सगळी ताकद लावत नसे. लहानाला डाव लागू देई, मग हळूच पालथा करी. या खेळवण्यातूनच लहान शिके. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने ते आवरून धरायचे, ही तालमीची शिकवण आहे.

याच्या उलट टोकाला फुकट सल्ला देणारे असतात. दोन महिने जिम केलेला मुलगा पंधरा दिवसवाल्याचा गुरू होतो. त्यातले काही सल्ले नुसते त्रासदायक, काही घातक. “ही भुकटी घे”, “ही गोळी घे, दोन महिन्यांत दंड भरतात”, असे कुणी म्हणाले तर तिथून उठा आणि घरी सांगा. स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडने वाढत्या वयात हाडांची वाढीची टोके वेळेआधी बंद होतात आणि उंची खुंटते. यकृत व हृदयालाही धोका असतो. असे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते, आणि जिममधला दादा डॉक्टर नव्हे.

अपवाद एकच. कुणी बाराखाली अडकला, कुणाला चक्कर आली, कुणाच्या बारची कॉलर सुटलेली दिसली, तर परवानगीची वाट पाहू नये. धावून जावे.

८. मग बोलायचे कसे?

अनेकांना त्रास होतो, पण बोलता येत नाही. गप्प राहून मनात कुढायचे, नाहीतर एकदम भांडायचे, एवढेच दोन मार्ग माहीत असतात. मधला मार्ग शब्दांचा आहे.

बेंच हवा असेल तर: “दादा, किती सेट राहिले? मध्ये मी करू का?” आपल्या बडोद्यात समोरचा बहुधा गुजराती असतो, तेव्हा: “भाई, केटला सेट बाकी छे?” या एका प्रश्नाने बहुतेक वेळा काम होते, आणि कधी कधी मैत्रीही.

प्लेटा राहिल्या असतील तर: “दादा, या तुमच्याच ना? एका बाजूच्या तुम्ही काढा, एका बाजूच्या मी काढतो.” वयाने मोठ्यांना: “काका, एवढा बेंच पुसून घेता का?”

न मागता सल्ला मिळाला तर: “सांगितलंत, बरं झालं, मी माझ्या ट्रेनरला विचारून करीन.” कॅमेरा आपल्याकडे वळला असेल तर: “मी यात येते आहे. एवढं पुसून टाका, आणि पुसलेलं मला दाखवा.” इथे आवाज नम्र असावा, पण बोलणे पक्के.

एकदा सांगून वागणे बदलले नाही, किंवा प्रकार नजरेचा, स्पर्शाचा वा धमकीचा असेल, तर दुसऱ्यांदा आपण सांगत बसायचे नाही. ट्रेनरला, मालकाला आणि घरी सांगायचे. तक्रार करणे म्हणजे चुगली नव्हे.

लक्षात ठेवा

• विश्रांती बेंचशेजारी उभे राहून घ्यावी. दुसऱ्याला पाळी द्यावी.
• ज्याने वजने चढवली त्यानेच ती उतरवावीत, दोन्ही बाजूंनी एकेक.
• टॉवेल स्वतःचा. उठताना जागा पुसलेली.
• विचारल्याशिवाय सल्ला नाही, परवानगीशिवाय स्पर्श व चित्रण नाही.
• नवख्याचा पहिला आठवडा आपल्या हातात असतो. त्याला बेंच दाखवा, आणि लागेल तिथे हात द्या.

स्वाध्याय

१. एका बेंचवर चौघांना प्रत्येकी ४ सेट करायचे आहेत. सेटला १ मिनिट, विश्रांती ३ मिनिटे. एकामागून एक केल्यास किती वेळ लागेल? पाळीपाळीने केल्यास किती?
२. २० किलोच्या बारचे खांब मध्यापासून ५५ सेंटीमीटरवर आणि प्लेटा ७५ सेंटीमीटरवर आहेत. दुसरी बाजू रिकामी असताना एका बाजूला किती किलो झाल्यावर बार जेमतेम तोललेला राहील?
३. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजोबांना ते लहानपणी ज्या तालमीत जात तिथले तीन नियम विचारा. प्रत्येक नियमामागचे कारण शोधून वहीत लिहा.
४. आपल्या शाळेच्या क्रीडागृहासाठी पाच नियमांची पाटी तयार करा. प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण एका ओळीत लिहा, कारण कळले की नियम पाळणे सोपे जाते.

(उत्तरे: १. ५२ मिनिटे, १६ मिनिटे. २. ५५ किलो.)